नाव, नमुना आणि वंश : सागरी माशांतील परोपजीवी चपटकृमींच्या वर्गीकरणाची समीक्षा

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत परोपजीवी कृमींच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. किनाऱ्यावरील बंदरांतून मुशी, पाकट, सुरमई, बांगडा असे मासे आणावेत, त्यांची आतडी व कल्ले तपासावेत, सापडलेला कृमी रंगवून काचपट्टीवर बसवावा, कॅमेरा ल्युसिडाच्या साहाय्याने त्याची आकृती काढावी आणि पूर्वी वर्णन झालेल्या जातींशी ताडून तो वेगळा वाटल्यास नवी जाती म्हणून प्रसिद्ध करावा, ही पद्धत अनेक पिढ्यांनी निष्ठेने पाळली. प्रस्तुत लेखकही याच पद्धतीत शिकला. तिची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. ज्या लक्षणांच्या आधारे आपण ही नावे दिली, ती लक्षणे कृमींचे वंशसंबंध खरोखर सांगतात काय, हा पहिला प्रश्न. सांगत नसतील, तर दिलेली नावे पुन्हा तपासून पाहण्याची सोय आपण मागे ठेवली आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने बरेचसे दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर आपले आपणच द्यावयाचे आहे, आणि माझ्या मते ते समाधानकारक नाही.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. परोपजीवी चपटकृमींचे पाठ्यपुस्तकांत तीन मोठे गट सांगितले जातात. माशांच्या कल्ल्यांवर व त्वचेवर राहणारे आणि एकाच पोषकावर जीवनक्रम पुरा करणारे मोनोजेनिया; बहुधा आतड्यात राहणारे आणि गोगलगाय-शिंपल्यांच्या वर्गातील प्राण्यांतून येणारे पर्णकृमी म्हणजे ट्रिमॅटोडा; आणि मुख नसलेले, सर्वांगाने अन्न शोषणारे पट्टकृमी म्हणजे सेस्टोडा. या तिन्ही गटांत पोहणाऱ्या डिंभाची केसाळ त्वचा गळून पडते आणि तिच्या जागी पेशींच्या भिंती नसलेले एक अखंड जिवंत आवरण येते. या एका लक्षणावरून उलरिख एलर्स यांनी १९८५ साली तिघांना मिळून निओडर्माटा हे नाव दिले. तिन्ही गट एकाच पूर्वजापासून निघाले हा निष्कर्ष पुढील रेणवीय अभ्यासांतही टिकला. वर्गीकरणशास्त्रात एखादे लक्षण इतके विश्वासू निघावे, हे विरळाच घडते.

बाकीची लक्षणे तितकी विश्वासू निघाली नाहीत. मोनोजेनियाच्या शरीराच्या मागच्या टोकाला आकडे असतात आणि पट्टकृमीच्या डिंभालाही आकडे असतात. यावरून यानित्स्की यांनी १९२० साली सर्कोमर सिद्धान्त मांडला आणि पुढे बिखोव्स्की यांनी १९३७ साली या दोन गटांना सख्खे भाऊ मानून एकत्र बांधले. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही हा सिद्धान्त शिकविला गेला. मी स्वतः तो परीक्षेत लिहिला आणि गुणही मिळविले. लॉकियर, ओल्सन व लिटलवुड यांनी २००३ साली रायबोसोमच्या दोन्ही मोठ्या जनुकांचा संपूर्ण क्रम घेऊन हा प्रश्न तपासला, तेव्हा पट्टकृमी मोनोजेनियापेक्षा पर्णकृमींना जवळचे ठरले. २००७ साली पार्क व सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियातील जनुकांच्या आधारे हेच नाते पुन्हा दाखविले आणि एकाहून अधिक पोषकांतून जाणारा गुंतागुंतीचा जीवनक्रम या दोन गटांच्या समान पूर्वजातच निर्माण झाला असावा, असा अर्थ लावला. आकडे होते, परंतु त्यांचा साक्षीदार म्हणून उपयोग नव्हता. पुढे मोनोजेनिया हा गट तरी एकसंध आहे काय, अशीही शंका बळावत गेली. २०२३ साली ब्राबेक व सहकाऱ्यांनी शेकडो जनुकांच्या आधारे केलेल्या विश्लेषणानंतर त्याचे दोन स्वतंत्र वर्ग मानावेत, असा प्रस्ताव पुढे आला. पाठ्यपुस्तकातला एक वर्ग असा एका पिढीच्या देखत विरला.

पर्णकृमींबाबत येथे थोडक्यात सांगतो. ला र्यू यांनी १९५७ साली उत्सर्जक पिशवीच्या घडणीवरून डायजेनियाचे दोन विभाग केले होते. ओल्सन, क्रिब व सहकाऱ्यांच्या २००३ मधील मांडणीत ते विभाग राहिले नाहीत. डिप्लोस्टोमिडा आणि प्लॅजिऑर्किडा असे दोन गण आले. आपल्याकडील सागरी माशांवरील बरेचसे लेखन मात्र पट्टकृमींवर आहे, आणि खरी गुंतागुंतही तेथेच आहे.

मुशी आणि पाकट यांच्या आतड्यात मळसूत्री पडदा असतो. या पडद्याच्या वळणांत पट्टकृमींची जी विविधता आढळते तिला तोड नाही. शीर्षावर चार पानांसारखी चूषक अंगे असलेल्या अशा बहुतेक कृमींना टेट्राफायलिडिया या एकाच गणात घालण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील कारुस यांच्यापासून चालत आली होती. हा गण म्हणजे घरातील अडगळीची खोली होती, असे आता स्पष्टच म्हणावे लागते. ज्याला दुसरीकडे जागा नाही, तो टेट्राफायलिडियात. एकेक करून त्यातील गट बाहेर पडू लागले. २००९ साली हीली, कायरा, जेन्सन, वेबस्टर व लिटलवुड यांनी देठावर उभ्या असणाऱ्या चूषक अंगांच्या कृमींना ऱ्हायनेबोथ्रिडिया असा वेगळा गण दिला. २०१४ साली कायरा व सहकाऱ्यांनी फायलोबोथ्रिडिया हा गण वेगळा केला आणि त्याचबरोबर एक धक्का देणारी गोष्ट मांडली. पाकटांमधील, आकडे असलेली अकँथोबोथ्रियम ही प्रजाती आणि तिचे नातलग हे गोड्या पाण्यातील मासे, बेडूक व सरपटणारे प्राणी यांत राहणाऱ्या प्रोटिओसिफॅलिडिया गणाच्या अधिक जवळचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांना मिळून ऑन्कोप्रोटिओसिफॅलिडिया हे नाव मिळाले. समुद्रातील पाकटाचा कृमी आणि नदीतील शिंगाळ्याचा कृमी एका घरातले ठरले. आणि एकाच पाकटाच्या आतड्यात शेजारी राहणारे, दिसायला सारखे दोन कृमी वेगवेगळ्या गणांतले ठरले. स्यूडोफायलिडिया या जुन्या, सर्वांना पाठ असलेल्या गणाचीही २००८ साली दोन गणांत फाळणी झाली होतीच. या सर्व कामाचा लेखाजोखा २०१७ साली कायरा व जेन्सन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आला. त्यात पट्टकृमींचे १९ गण मानले आहेत. टेट्राफायलिडिया हे नाव त्यांत अजूनही आहे, पण ज्यांचा निर्णय लागलेला नाही अशांचा निवारा म्हणून.

ट्रिपॅनोऱ्हिंका गणाची कथा याहून बोलकी आहे. या कृमींच्या शीर्षातून आकड्यांनी भरलेल्या चार सोंडा बाहेर येतात. आकड्यांची रचना इतकी नियमबद्ध आणि इतकी देखणी असते की वर्गीकरण तिच्यावरच उभारावे, हा मोह कोणालाही व्हावा. दॉल्फ्यूस यांनी १९४२ साली तसे ते उभारलेही. ओल्सन व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात या गणाच्या दोन मोठ्या शाखा दिसल्या, आणि त्या आकड्यांच्या नमुन्यांप्रमाणे नव्हे तर मोठ्या प्रमाणात पोषकांप्रमाणे पडल्या होत्या : एक मुख्यतः पाकटांकडची, दुसरी मुख्यतः मुशींकडची. सोंडांवरील समान नक्षी वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे निर्माण झाली होती. चिकटून राहण्याची गरज सारखी असली की अवयवही सारखे घडतात. अभिसारी उत्क्रांती म्हणून आपण हे वर्गात शिकवितो. आपल्या प्रयोगशाळेत मात्र ते विसरतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. भारतीय उपखंडाच्या समुद्रातील पट्टकृमींचा अभ्यास मोत्यांच्या निमित्ताने सुरू झाला, ही एक गमतीची बाब. श्रीलंकेतील मोत्यांच्या कालवांच्या पाहणीत हर्डमन व हॉर्नेल यांना कालवांत पट्टकृमींचे डिंभ सापडले, आणि मोती त्यांच्याभोवतीच तयार होतो असे त्यांचे मत झाले. ते मत पुढे टिकले नाही. परंतु त्या डिंभांचे प्रौढ रूप शोधण्याच्या खटपटीत शिप्ली व हॉर्नेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पाकटांच्या कृमींची वर्णने प्रसिद्ध केली. साउथवेल यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील पट्टकृमींवरील दोन खंड १९३० साली आले. पुढे यामागुती यांचा ‘सिस्टेमा हेल्मिंथम’ आला. आपल्याकडील विभागांत या ग्रंथाला जे स्थान मिळाले, ते अन्यत्र धर्मग्रंथांना मिळते. त्यातील किल्ली लावावी, प्रजातीपर्यंत पोहोचावे आणि पुढे आपल्या नमुन्याची मापे द्यावीत.

या पद्धतीतील पहिला दोष मापांचाच आहे. अकँथोबोथ्रियम प्रजातीचे उदाहरण घेऊ. या प्रजातीत आज सुमारे दोनशे जाती मान्य आहेत. आपल्या शोधनिबंधांत नवी जाती वेगळी ठरविण्यासाठी वृषणांची संख्या, आकड्यांची लांबी, अंडाशयाचा आकार, देहखंडाची रुंदी अशी तुलना असते. या संख्या बहुधा दोन-तीन नमुन्यांच्या असतात, आणि नमुना काचेखाली दाबून चपटा केल्यावर घेतलेल्या असतात. किती दाबले, कृमी मेल्यावर की जिवंत असताना, अपक्व देहखंड मोजला की पक्व, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. दाबलेल्या कृमीची रुंदी हे काही अंशी दाबणाऱ्याच्या अंगठ्याचे लक्षण असते. घोषरॉय व कायरा यांनी २००१ साली या प्रजातीसाठी एक साधी चौकट सुचविली. शरीराची लांबी १५ मिलिमीटरपेक्षा कमी की जास्त, देहखंड ५० पर्यंत की त्याहून अधिक, वृषण ८० पर्यंत की अधिक आणि अंडाशयाच्या बाहू सममित की असममित, या चार प्रश्नांवर सर्व जाती दहा गटांत विभागता येतात. नवी जाती मांडताना तिच्या गटातील प्रत्येक जातीशी तुलना करावी, एवढीच अपेक्षा. ही चौकट वंशसंबंध सांगत नाही, आणि तिच्या कर्त्यांचाही तसा दावा नाही. परंतु ती तुलनेला शिस्त लावते. आपल्याकडे तुलना बहुधा सोयीच्या पाच-सहा जातींशी होते, आणि त्या स्वतःच्या विभागात पूर्वी वर्णिलेल्या असतात.

दुसरा दोष पोषकाच्या ओळखीचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मुशी-पाकटांचे पट्टकृमी पोषकाच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असतात. पुष्कळदा एका जातीचा कृमी एकाच जातीच्या माशात आढळतो. त्यामुळे मासा चुकला की कृमीही चुकतो. नेलर व सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरातील मुशी व पाकटांच्या ४२८३ नमुन्यांचा डीएनए तपासला. त्यांत ५७४ जाती आढळल्या आणि त्यांपैकी ७९ विज्ञानाला नव्या असाव्यात, असे त्यांना वाटले. हे काम माशांवरचे असले तरी त्यामागची प्रेरणा कृमींच्या अभ्यासकांची होती, हे लक्षात घ्यावे. २०१६ साली पाकटांच्या कुलाचीच फेरमांडणी झाली. आपल्या जुन्या निबंधांतील ‘ट्रायगॉन झुगेई’ आता टेलाट्रायगॉन प्रजातीत आहे. ‘ट्रायगॉन सेफेन’ या नावाखाली पूर्वी जे मासे नोंदले गेले ते आज पॅस्टिनाकस प्रजातीच्या एकाहून अधिक जातींत वाटले जातात. नाव बदलले म्हणून काही बिघडत नाही. जुने नाव नव्या नावाला जोडता येते. परंतु एका जुन्या नावाचे तुकडे झाले, तर आपला मासा कोणत्या तुकड्यातला, हे तो मासा पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि मासा आपण ठेवलेला नसतो.

येथे स्वतःचे उदाहरण देणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१२ सालीच मी एम.फिल.चा लघुप्रबंध लिहीत होतो. कोकणातील एका बंदरावर लिलाव झालेल्या पाकटाची आतडी एका मासेविक्रेत्या मावशींनी मला दिली. मासा तोवर कापला गेला होता. शेपटी कोणाच्या टोपलीत होती आणि पंख कोणाच्या, हे मला ठाऊक नाही. आतड्यात अकँथोबोथ्रियमचे तीन पक्व नमुने मिळाले. मी ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवले, म्हणजे डीएनएची वाट तेथेच बंद केली. वृषण मोजले, आकड्यांच्या आकृत्या काढल्या, आणि विभागात त्या बंदरावरून येणारी पाकटे ज्या नावाने ओळखण्याचा प्रघात होता ते ‘ट्रायगॉन झुगेई’ हे नाव पोषकाच्या रकान्यात लिहिले. नवी जाती म्हणून मसुदाही तयार केला होता. तो प्रसिद्ध झाला नाही, याचे श्रेय माझ्या विवेकाला नाही. नियतकालिकाने मागितलेले शुल्क त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. नंतर नेलर यांचा निबंध वाचनात आला, तेव्हा आपण कोणत्या माशाचा कृमी वर्णिला होता हे मला कधीही सांगता येणार नाही, एवढे कळले.

याउलट एक उदाहरण जिताड्याचे. या माशाच्या कल्ल्यांवरील एक मोनोजेनिया त्रिपाठी यांनी विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात डिप्लेक्टॅनम लॅटेसी या नावाने वर्णिला. २००६ साली ती जाती लॅटिकोला या नव्या प्रजातीत हलविण्यात आली. प्रजाती बदलली, तरी जातीचे नाव आणि त्रिपाठी यांचे श्रेय कायम राहिले. पोषक ओळखू येण्याजोगा होता आणि तो मासा बाजारातून पुन्हा मिळविता येतो, म्हणून त्या नावाला पुढचे आयुष्य मिळाले.

तिसरा दोष नमुन्यांचा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या कलम १६.४ नुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीसाठी नामधारक नमुना स्पष्टपणे निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात, कोठे ठेवला वा ठेवणार हे लिहावे लागते. ते न केल्यास ते नाव संहितेच्या दृष्टीने उपलब्धच होत नाही. म्हणजे कागदावर छापले गेले तरी ते जन्मत नाही. आपल्या देशाचा कायदाही याबाबत मोघम नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यातील कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती व तिचे साक्षनमुने नियुक्त संग्रहालयाकडे देणे बंधनकारक आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था असे संग्रहालय आहे आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. कोलकात्याला जाण्याचीही गरज नाही. असे असूनही ‘नमुने लेखकाच्या विभागात जतन केले आहेत’ या एका वाक्यावर पुष्कळ निबंध संपतात. विभागातील कपाट, पावसाळ्यातील दमट हवा, निवृत्त झालेले प्राध्यापक आणि नव्या इमारतीत झालेले स्थलांतर यांतून किती काचपट्ट्या वाचतात, हे आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या विभागात जाऊन पाहावे. परदेशी अभ्यासकांच्या पुनरावलोकनांत भारतीय किनाऱ्यावरील अनेक नावे ‘शंकास्पद जाती’ म्हणून बाजूला काढली जातात, तेव्हा आपल्याकडे त्याचा राग येतो. परंतु नमुना पाहावयास मागितला असता तो देता येत नसेल, तर त्या रागाला आधार कोणता?

याची कारणे केवळ वैयक्तिक आळसात नाहीत. २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांच्या गुणांकनाची पद्धत आणल्यानंतर नवी जाती हा लवकर तयार होणारा निबंध ठरला. तीन नमुने, एक आकृती, दोन पाने. एखाद्या जुन्या जातीचा पोषक पुन्हा मिळवून ती तपासणे आणि ‘ही जाती वेगळी नाही’ असे लिहिणे, याला वर्षभर लागते. पानांच्या हिशेबात मात्र ते दोन पानांहून अधिक भरत नाही.

तरीही जुन्या वर्णनांना मोडीत काढावे, असे मी म्हणणार नाही. रेणवीय पद्धतीचेही आपले दोष आहेत. जनुकक्रमांच्या सार्वजनिक भांडारात चुकीच्या नावाने ठेवलेले क्रम आहेत आणि ज्यांचा साक्षनमुनाच ठेवलेला नाही असेही क्रम आहेत; अशा क्रमाची अवस्था आमच्या फॉर्मॅलिनमधील कृमीपेक्षा बरी नव्हे. शिवाय नवे गण निर्माण झाले ते सूक्ष्मदर्शकाला रजा देऊन नव्हे. जनुकांनी शाखा दाखविल्या. मग अभ्यासकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शीर्षावरील सूक्ष्म केस, देठ आणि खाचा पुन्हा पाहिल्या आणि त्या शाखेला धरून राहणारी लक्षणे निवडली. ऱ्हायनेबोथ्रिडियाचा देठ आधीही दिसत होताच, पण त्याला किती महत्त्व द्यावे हे कळत नव्हते. दुसरे असे की, आपल्या किनाऱ्यावरील कित्येक पाकटे व मुशी मासेमारीच्या ताणाखाली आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, त्यांच्यातील आणखी काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आल्या; त्यामुळे पोषकाची अचूक ओळख ही आता केवळ शास्त्रीय नव्हे तर कायदेशीर बाबही झाली आहे. अशा स्थितीत त्या किनाऱ्यावर कोणत्या पाकटात काय आढळले, याची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नोंद, अपुरी का असेना, पुन्हा निर्माण करता येणारी नाही.

महाविद्यालयात पीसीआर यंत्र नसते, ही सबब मी स्वतः अनेकदा दिली आहे. परंतु माशाचे वरून व खालून छायाचित्र घेण्यास, त्याच्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवण्यास, कृमीचा मागील भाग त्याच अल्कोहोलमध्ये आणि शीर्ष काचपट्टीवर ठेवून दोघांना एकच क्रमांक देण्यास यंत्र लागत नाही. जनुकक्रम दहा वर्षांनी दुसऱ्या कोणीही वाचला तरी चालेल. गेल्या हंगामापासून आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढे तरी करावयास लावले आहे. छायाचित्रासाठी मासा कापण्याआधी बंदरावर पोहोचावे लागते, म्हणजे पहाटे साडेचारला. त्यामुळे हा विषय निवडणाऱ्यांची संख्या थोडी घटली आहे.

माझ्या लघुप्रबंधातील तीन काचपट्ट्या अद्याप लाकडी पेटीत आहेत. रंग थोडा उतरला आहे, तरी आकडे अजून स्पष्ट दिसतात. पोषकाच्या रकान्यातील नाव खोडून तेथे मी ‘पाकट, जाती अनिश्चित’ असे लिहिले आहे.